२२० ग्रॅम लोखंड

कनेक्टिकटमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या तळघरात एका प्लास्टिकच्या बादलीत ती रात्रभर पडून होती. शेजारच्या गावात कुणीतरी घर रिकामे करताना अंगणात जुने सामान मांडले होते, त्यात दादाला ती मिळाली. दांडा नव्हताच. नेढ्यात कुजक्या लाकडाचा तुकडा आणि तीन गंजके खिळे अडकलेले, आणि अंगभर गंजाचा एवढा जाड थर की हे कुऱ्हाडीचे पाते आहे की नांगराचा तुटका फाळ, ते हातात घेतल्यावरच कळावे. "थंडीच्या आधी सरपण फोडायला होईल," दादा म्हणाला आणि त्याने बादलीत साधे पांढरे व्हिनेगर ओतले.

सकाळी आम्ही ती बाहेर काढली, तारेच्या ब्रशने घासली, पाण्याने धुतली आणि पुसून कोरडी केली. लोखंड राखाडी झाले होते. धारेपासून साधारण तीन बोटांवर एक नागमोडी रेघ उमटली होती. रेघेच्या अलीकडचा, धारेकडचा भाग काळसर, पलीकडचा फिकट. व्हिनेगरच्या आम्लाने जे दाखवले ते एरवी डोळ्यांना दिसत नाही. कुऱ्हाडीचे अंग मऊ लोखंडाचे होते आणि धारेपुरते वेगळे, कडक पोलाद त्याला भट्टीत जोडलेले होते. मग वहिनींनी खडूची पूड आणली. ती पात्याच्या गालावर चोळून जास्तीची पुसून टाकली आणि टॉर्च आडवा, अगदी लोखंडाला टेकवून धरला. खड्ड्यांत अडकलेल्या पांढऱ्या पुडीतून अक्षरे दिसू लागली. पहिली ओळ अर्धी खाल्लेली, '...लिन्स अँड को.' खाली 'हार्टफोर्ड'. त्याखाली 'कास्ट स्टील'. आणि एका कडेला, बारीक, साडेतीनचा आकडा.

त्या चार खुणांचा अर्थ लावण्यात माझी सुट्टी गेली. त्या वेळचे बहुतेक तास मी कुऱ्हाडीकडे पाहत नव्हतो, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कॅटलॉगची पाने उलटत होतो. जुनी हत्यारे कशी ओळखावीत हे मला या पानांनी शिकवले. आणि ती पाने जपून का वाचावी लागतात, हेही त्यांनीच शिकवले. कॅटलॉग लिहिणाऱ्याला इतिहास सांगायचा नव्हता. त्याला माल विकायचा होता.

आधी त्या अक्षरांबद्दल. 'हार्टफोर्ड' वाचून मी सरळ हार्टफोर्ड शहरातला कारखाना शोधू लागलो. तो तिथे नव्हता. १८२६ साली सॅम्युअल आणि डेव्हिड कॉलिन्स हे भाऊ आणि त्यांचा नातलग विल्यम वेल्स यांनी हार्टफोर्डच्या पश्चिमेला, फार्मिंग्टन नदीच्या काठी एक जुनी दळणाची गिरणी घेतली आणि तिच्या पाण्याच्या जोरावर कुऱ्हाडी घडवायला सुरुवात केली. कारखान्याभोवती गाव वसले, त्याचे नावच कॉलिन्सव्हिल पडले. व्यापार हार्टफोर्डच्या नावाने चालला, म्हणून शिक्क्यावर ते शहर. पुढे कंपनीचे कायदेशीर नाव बदलले, शिक्क्यावर मात्र 'कॉलिन्स अँड को.' तसेच राहिले, कारण गिऱ्हाईक त्याच नावाने कुऱ्हाड मागत होते. त्यामुळे नावावरून साल ठरवायला गेलात तर हमखास फसता.

'कास्ट स्टील'चीही तीच गत. कुणालाही वाटेल की कुऱ्हाड साच्यात ओतून केलेली आहे. तसे नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये शेफील्डला बेंजामिन हंट्समनने पोलाद मुशीत वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली, त्या पोलादाला व्यापारात हे नाव पडले. (मुशीत पोलाद करण्याची विद्या आपल्या दख्खनमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून होती, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) म्हणजे ते दोन शब्द कुऱ्हाडीच्या घडणीविषयी काहीच सांगत नाहीत. धारेला उत्तम पोलाद लावले आहे, एवढीच ती ग्वाही. व्हिनेगरने उमटवलेली रेघ आणि हे दोन शब्द एकच गोष्ट सांगत होते.

कॉलिन्स बंधूंचे मोठे काम आज फार साधे वाटेल. त्यांनी कुऱ्हाड धार लावून विकली. त्याआधी लोहाराकडून कुऱ्हाड घेतली की ती बोथट, ओबडधोबड असायची. ती घरी नेऊन सहाणेवर तासन् तास घासल्याशिवाय झाडाला लावता यायची नाही. या कारखान्याने ती मेहनत स्वतःकडे घेतली. १८३२ मध्ये तिथे एलिशा रूट नावाचा कारागीर आला. घणाने घडवायचे एकेक काम त्याने यंत्राकडे सोपवले. लोखंडाची पट्टी दुमडून नेढे करण्याऐवजी सलग तुकड्यातच नेढे पाडण्याची रीतही त्याचीच. हा माणूस पुढे सॅम्युअल कोल्टच्या पिस्तुलांच्या कारखान्यात गेला आणि कोल्टच्या मृत्यूनंतर त्याचा अध्यक्ष झाला. अमेरिकेतल्या यंत्रनिर्मितीच्या इतिहासात रूटचे नाव पिस्तुलांबरोबर घेतले जाते, पण त्याचा हात तयार झाला तो कुऱ्हाडींवर.

नाव मोठे झाले की नकला येतातच. कॉलिन्सचा शिक्का मारलेल्या बनावट कुऱ्हाडी थेट इंग्लंडमध्ये तयार होऊ लागल्या. कंपनीने तिथे दावे लावले आणि १८५७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने मान्य केले की परदेशी कंपनीलाही आपल्या खुणेच्या चोरीविरुद्ध इथे दाद मागता येते. कंपनीच्या मालावर पुढे मुकुटातून वर आलेला, हातोडा धरलेला हात आणि 'लेजिटिमस' हा लॅटिन शब्द दिसू लागला. लेजिटिमस म्हणजे अस्सल. लॅटिन अमेरिकेत उसाच्या आणि केळीच्या मळ्यांत हा मुकुट इतका ओळखीचा झाला की कंपनी तिथल्या कोयत्यांसाठी स्पॅनिशमध्ये कॅटलॉग छापत असे. दादाच्या कुऱ्हाडीवर मुकुट नव्हता. तो कधी नव्हताच, की गंजाने खाल्ला, की कुणी पाठ ठोकून ठोकून बुजवला, हे नुसत्या पात्यावरून ठरत नाही. तिथून कॅटलॉगचे काम सुरू होते.

जुन्या कॅटलॉगचे एक पान डोळ्यांपुढे आणा. वर कोरीव ठशाने छापलेले कुऱ्हाडीचे चित्र. फोटो नाही, बारीक रेघांनी उठाव दाखवलेले चित्र, त्यात शिक्काही कोरलेला. खाली पॅटर्नचे नाव. मग वजने, साडेतीन पौंड, चार पौंड, किंवा 'तीन ते चार, मिश्र'. भाव डझनाला, कारण हे पुस्तक लाकूडतोड्यासाठी नव्हतेच, दुकानदारासाठी होते. भावाशेजारी एखादा विचित्र, कसलाही अर्थ न लागणारा शब्द. तो पाहून मी पहिल्यांदा चक्रावलो. मग कळले, तो तारेचा सांकेतिक शब्द आहे. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून दुकानदाराने 'साडेतीन पौंडी, लाल रंगाच्या, कनेक्टिकट पॅटर्नच्या, दांडा नसलेल्या' एवढे न लिहिता तो एकच शब्द पाठवायचा.

इतके सगळे छापून साल मात्र अनेकदा कुठेच नसायचे. ते मुद्दाम गाळलेले असे. जाड पुस्तक छापणे महाग, ते चार-पाच वर्षे चालले पाहिजे. साल घातले की दुसऱ्याच वर्षी ते शिळे दिसते. बदलते भाव वेगळ्या पातळ पत्रकावर जात, तेही 'छापील भावातून पन्नास टक्के, मग उरलेल्यातून दहा टक्के' अशा सुटीच्या हिशोबात. म्हणून साल ठरवायचे तर इतर खुणा शोधाव्या लागतात. कंपनीचा पत्ता पाहायचा. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग असेल तर पुस्तक १९४३ नंतरचे, पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरचे. मुखपृष्ठावर निळा गरुड असेल तर १९३३ ते १९३५, कारण मंदीच्या काळातल्या सरकारी उद्योग-योजनेत सामील झालेले व्यापारी तो छापत. पेटंटचा क्रमांक असेल तर त्याहून सोपे. त्या क्रमांकाचे पेटंट कधी मिळाले हे सरकारी नोंदीत सापडते आणि कॅटलॉग त्याआधीचा असू शकत नाही. काही थोड्या कारखान्यांनी ही सगळी कसरत वाचवली. पेन्सिल्व्हेनियातल्या वॉरन गावच्या कंपनीच्या 'सेगर केमिकल' कुऱ्हाडींवर सालच ठोकलेले सापडते.

पॅटर्न हा या सगळ्यातला मला सर्वात आवडलेला भाग. कनेक्टिकट, मेन, मिशिगन, डेटन, जर्सी, केंटकी, हडसन बे. नकाशा वाचतोय असे वाटते, आणि एका अर्थी तो नकाशाच आहे. युरोपातून आलेल्या कुऱ्हाडीला पाठ जवळजवळ नसायची, सगळे वजन धारेकडे. अमेरिकेत अठराव्या शतकात नेढ्यामागे जड, चौकोनी पाठ वाढवली गेली, त्यामुळे कुऱ्हाड हातात तोलून राहते आणि घाव वाकडा जात नाही. मग प्रत्येक मुलखातल्या लोहाराने तिथल्या झाडांप्रमाणे आणि तिथल्या माणसांच्या सवयीप्रमाणे तिला आपला आकार दिला. जर्सीच्या कुऱ्हाडीला नेढ्याच्या खाली दोन्ही बाजूंनी कानाच्या पाळीसारखी टोके निघतात, ती दांड्याला घट्ट धरतात. मिशिगनची पाठ गोलाकार. हडसन बे लहानखुरी, पाठीवर किंवा होडीत घेऊन हिंडणाऱ्यांची. कनेक्टिकटचे पाते धारेकडे पंख्यासारखे पसरते. कारखाने आले तेव्हा त्यांनी हे आकार मोडले नाहीत. एकाच कारखान्याच्या यादीत ही सगळी नावे एकाखाली एक येतात, कारण मिशिगनच्या लाकूडतोड्याला जर्सीची कुऱ्हाड फुकट दिली तरी तो घेणार नाही, हे विक्रेत्यांना ठाऊक होते. दादाच्या पात्याची कड मी कागदावर गिरवून घेतली आणि वेगवेगळ्या चित्रांशी ताडून पाहिली. पसरट धार, पाळ्या नाहीत. कनेक्टिकट. जिथे घडली तिथलाच पॅटर्न, आणि अजून तिथेच होती.

पण चित्रांवर किती भरवसा ठेवायचा? इथेच ग्यानबाची मेख आहे. ठसा कोरणे खर्चिक काम. एकदा केलेला ठसा वीस वर्षे वापरला जाई. शिक्का बदलला, घडणीची रीत बदलली, तरी चित्र जुनेच. म्हणून कॅटलॉगमध्ये जे नाही ते त्या काळी नव्हतेच असे म्हणता येत नाही, आणि जे आहे ते त्या वर्षी जसेच्या तसे निघत होते असेही नाही. शिवाय कारखानदार आपल्या ठशांच्या प्रती घाऊक व्यापाऱ्यांना पुरवत. व्यापारी त्या आपल्या पुस्तकात छापत आणि वर स्वतःचे नाव घालत.

हे स्वतःचे नाव फार मोठे प्रकरण आहे. सेंट लुईसची सिमन्स हार्डवेअर कंपनी 'कीन कटर' नावाने कुऱ्हाडी विकायची. किंमत विसरली जाते, दर्जाची आठवण राहते, अशा अर्थाचे तिचे बोधवाक्य प्रसिद्ध होते. त्याच शहरातली शॅपली कंपनी 'डायमंड एज' विकायची. शिकागोची हिबर्ड, स्पेन्सर, बार्टलेट आपल्या मालावर ओ. व्ही. बी., म्हणजे 'आमचा सर्वोत्तम', असे ठोकून घ्यायची. हे सगळे मुळात घाऊक व्यापारी, कुऱ्हाडी घडवणारे नव्हेत. माल कुणाकडून तरी घडवून यायचा आणि कुणाकडून ते दोन्ही पक्ष बोलत नसत. ज्यांच्या घरात आजोबांची कीन कटर कुऱ्हाड आहे, ते सेंट लुईसमध्ये तिचे कूळ शोधत बसतात आणि हाती काही लागत नाही.

तिथे तोच कंजूषपणे वापरलेला ठसा मदतीला येतो. कारखान्याचे पुस्तक एका हाताला आणि व्यापाऱ्याचे दुसऱ्या हाताला ठेवून पाहिले, की एखादे चित्र दोन्हीकडे तंतोतंत तेच निघते. सावलीच्या रेघा त्याच, कडेचा बारीक तुटका भागही तोच, बदलला आहे तो फक्त मधला शिक्का. लपवलेले नाव असे उघडे पडते. तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही, पण कुठे शोधायचे ते कळते.

कारखान्यांची आपापसातली खरेदी-विक्रीही लक्षात ठेवावी लागते. १८८९ मध्ये अनेक कुऱ्हाड-कारखाने एकत्र येऊन अमेरिकन अ‍ॅक्स अँड टूल कंपनी झाली आणि कित्येक जुनी नावे एका छताखाली गेली. लुईव्हिलला सुरू होऊन शेवटी वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला स्थिरावलेल्या केली कंपनीने १९२१ मध्ये तीही गिळली. १९३० मध्ये केलीला अमेरिकन फोर्क अँड हो कंपनीने घेतले, जी पुढे ट्रू टेम्पर झाली. इतक्या हस्तांतरांतून जुने शिक्के मात्र चालूच राहिले, कारण गिऱ्हाईक नावाला जपते. म्हणून मरून गेलेल्या कारखान्याचे नाव असलेली कुऱ्हाड त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी घडलेली असू शकते.

पूर्वेकडून पश्चिम किनाऱ्याकडे सरकले की कॅटलॉगचा चेहराच बदलतो. वॉशिंग्टन आणि ऑरेगॉनच्या जंगलांतली डग्लस फर आणि सीडरची झाडे बुंध्याशी इतकी फुगीर असत की जमिनीवर उभे राहून ती तोडणे म्हणजे दुप्पट काम. म्हणून लाकूडतोडे बुंध्यात खाच पाडत, तिच्यात लोखंडी नाळ ठोकलेली फळी खुपसत आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीवर त्या फळीवर उभे राहून घाव घालत. त्या नाळा कॅटलॉगमध्ये डझनावारी विकल्या जात. या लाकूडतोड्यांसाठी 'प्युजेट साउंड' पॅटर्नची दुधारी कुऱ्हाड होती, लांब आणि अरुंद, खोल खाचेच्या तळापर्यंत पोचणारी. त्या फळ्यांच्या खाचा जुन्या कुजत्या बुंध्यांवर आजही दिसतात, दोन डोळ्यांसारख्या. कॅटलॉगमधली ती नाळ पाहिली नसती तर त्या खाचा कशाच्या हे मला कुणी सांगूनही पटले नसते.

आणि करवती. दोन माणसांनी दोन टोकांना धरून ओढायची ती लांब करवत आपल्याकडेही होती, पण अमेरिकन कॅटलॉगमध्ये तिच्या दातांवर पानेच्या पाने आहेत, आणि ती वाचण्यासारखी आहेत. सुताराची करवत लाकडाचा भुसा करते. ओला, जाड बुंधा कापताना भुसा फटीत दाटतो आणि करवत अडकते. म्हणून दात दोन जातींचे केले. काही दात चाकूसारखे, ते तंतू दोन बाजूंनी चिरतात. त्यांच्यामध्ये ठराविक अंतरावर दुसरे, टोकाला रंध्यासारखे, किंचित बुटके. ते चिरलेली पट्टी तळातून उचलून बाहेर ओढतात. नीट लावलेली करवत भुसा टाकत नाही, शेवयांसारख्या लांब पट्ट्या टाकते. बुटक्या दातांची उंची कागदाच्या जाडीएवढी चुकली तरी हा मेळ बिघडतो. डिस्टन आणि सिमंड्ससारख्या कंपन्या म्हणूनच नुसत्या किमती छापून थांबत नव्हत्या. दात कसे काढावेत, किती वाकवावेत, कुठल्या लाकडाला कुठले दात, हे सगळे शिकवत. सिमंड्सची एक जाहिरात 'क्रेसेंट ग्राउंड' घासणीची होती. करवतीची जाडी दातांच्या रेषेत सगळीकडे सारखी ठेवायची आणि पाठीकडे कमी करत न्यायची, म्हणजे कापलेल्या फटीत करवतीची पाठ घासणार नाही आणि पाचर मारायला जागा राहील.

हे वाचून वाटेल, गेल्या शतकातली विक्रीची भाषा, आज तिचे काय? १९६४ मध्ये अमेरिकेने वन्य प्रदेशांच्या रक्षणाचा कायदा केला. त्याखाली राखलेल्या जंगलांत मोटरवर चालणारी अवजारे वापरायला मनाई आहे. वादळात आडवी झालेली झाडे पायवाटेवरून हटवायची तर कुऱ्हाड आणि हातकरवतच हवी. वनखात्याच्या लोकांना कळून चुकले की नव्या करवती सपाट, सगळीकडे सारख्याच जाडीच्या येतात आणि फटीत अडकतात, जुन्या धावतात. वनखात्यातल्या वॉरन मिलरने १९७७ मध्ये या करवती लावायची एक पुस्तिका लिहिली. अजूनही वनखात्याचे कर्मचारी आणि स्वयंसेवक ती समोर ठेवून कानस चालवतात. म्हणून गोठ्याच्या भिंतीवर शोभेला टांगलेली, वर निसर्गचित्र रंगवलेली जुनी सिमंड्स करवत दिसली की या लोकांचा जीव तुटतो, आणि तो तुटणे योग्यच आहे. जाहिरातीतले 'क्रेसेंट ग्राउंड' हे शब्द खरे आहेत की खोटे, हे त्यांचे खांदे दिवसाच्या शेवटी सांगतात.

तोडलेल्या ओंडक्यांच्या हत्यारांची पाने वेगळी. मेन राज्यातल्या स्टिलवॉटरचा लोहार जोसेफ पीव्ही याने १८५७-५८ च्या सुमारास नदीत अडकलेले ओंडके फिरवण्यासाठी लांब दांड्याला टोकदार पहार आणि आकडा एकत्र बसवला. ते हत्यार आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. पण मी थबकलो तो ठोकशिक्क्यांपाशी. नदीतून हजारो ओंडके एकत्र वाहत यायचे, कुणाचा कुठला हे कळण्यासाठी मालक ओंडक्याच्या तोंडावर आपली खूण हातोड्याने ठोकत आणि ती खूण सरकारदप्तरी नोंदवलेली असे. बल्लारशाच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याची खूण मी पाहिली आहे. तीच युक्ती, तेच काम. कॅटलॉगमध्ये तो हातोडा कोरी तोंडे असलेला विकायला होता, खूण तुम्ही सांगाल ती कोरून मिळायची.

आपल्या बाजूचा आणखी एक धागा इंग्लंडच्या कॅटलॉगमध्ये सापडतो. बर्मिंगहॅमच्या आसपासचे हत्यार-कारखाने जगभर माल पाठवत आणि त्यांच्या याद्या मुलखांप्रमाणे विभागलेल्या असत. हिंदुस्थानच्या भागात 'पावरा' आणि 'कोडाली' अशा नावांची अवजारे येतात. पहिल्यांदा वाचताना जीभ अडखळते, मग उमगते की हे फावडे आणि कुदळ. तिथल्या भट्टीवर उभ्या इंग्रज कामगाराच्या तोंडी हे शब्द असणार. आपल्या लोहारांनी घडवलेला आकार तिकडे गेला, यंत्रावर निघाला आणि जहाजातून परत आपल्याच बाजारात आला. १९२० च्या दशकात जमशेदपूरला टाटांच्या 'अ‍ॅग्रिको'ची फावडी-कुदळी निघू लागल्या, तेव्हा त्यांची स्पर्धा याच मालाशी होती.

आणि जो लोहार कॅटलॉग छापत नव्हता, त्याचे काय? आमच्या गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडत. भाता, ऐरण, घण, सगळे एका गाडीत. बाई घण मारायची, पुरुष सांडशीने लोखंड फिरवायचा, आणि गिऱ्हाईक समोर उकिडवे बसून सांगायचे, धार इतकी रुंद कर, नेढे माझ्या दांड्याला बसेल असे कर. दांडा धावड्याचा किंवा धामणीचा, तो त्याने आधीच रानातून आणलेला. धारेला पाणी द्यायची वेळ आली की बोलणे थांबायचे, सगळ्यांची नजर लोखंडाच्या बदलत्या रंगावर. त्या कुऱ्हाडींनाही मुलखाप्रमाणे आकार होते, नावे होती. त्यांची चित्रे कुणी कोरली नाहीत. त्यांचे पॅटर्न, त्यांची वजने अजूनही जी म्हातारी माणसे सांगू शकतात, त्यांच्यापाशी कागद आणि वजनकाटा घेऊन जायला हवे, आणि लवकर जायला हवे.

अमेरिकेचे कॅटलॉग टिकून राहिले ते काही लोकांनी असाच हट्ट धरला म्हणून. १९३३ मध्ये अर्ली अमेरिकन इंडस्ट्रीज असोसिएशन ही संस्था जुन्या हत्यारांच्या अभ्यासासाठी निघाली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन ग्रंथालयांत व्यापारी सूचीपत्रांचा संग्रह पाच लाखांच्या वर आहे. डेलावेअरच्या हॅग्ली ग्रंथालयातही मोठा साठा आहे. त्यातला पुष्कळ भाग आता स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो, पुण्यातल्या घरी बसून मी बाकीचे वाचन तसेच केले.

परत यायच्या आदल्या दिवशी दादा मला कॉलिन्सव्हिलला घेऊन गेला. कारखाना १९६६ मध्ये बंद पडला. इमारती अजून नदीकाठी उभ्या आहेत आणि त्यांच्यापैकीच एकीत कॅंटन गावाचे ऐतिहासिक संग्रहालय आहे. याच गावात कारखान्यातल्या चार्ल्स ब्लेअर नावाच्या कारागिराने गुलामगिरीविरुद्ध उठलेल्या जॉन ब्राउनसाठी एक हजार भाले पुरवायचे काम १८५७ मध्ये घेतले होते. त्यातले साडेनऊशेच्या आसपास १८५९ च्या हार्पर्स फेरीच्या उठावासाठी गेले. त्या भाल्यांचे पान कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही.

घरी आल्यावर शेवटचे एक काम राहिले होते. नेढ्यातले कुजके लाकूड आणि खिळे आम्ही ठोकून काढले आणि पाते वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. शिक्क्यावर साडेतीन पौंड, म्हणजे सुमारे १,५९० ग्रॅम. काट्याने १,३७० दाखवले. दादाने पुन्हा उचलून ठेवले, आकडा तोच. कारखान्यातला थोडा फरक सोडा, गंजाने खाल्लेले थोडे सोडा. मी कागदावर गिरवलेली कड कॅटलॉगच्या चित्राशेजारी धरली. नेढ्यापासून पाठीपर्यंत दोन्ही जुळत होत्या. धारेच्या बाजूला चित्र पुढे जात होते, बोटभर पुढे, आणि वरच्या टोकापेक्षा खालचे टोक जास्त झिजलेले होते. व्हिनेगरने उमटवलेल्या रेघेच्या अलीकडे मूळचे पोलाद किती असेल ते चित्रावरून मोजता येत होते. त्यातले पाऊण हिश्श्याच्या आसपास अजून शिल्लक होते. बाकीचे कुणीतरी, वर्षानुवर्षे, दर संध्याकाळी सहाणेवर घासून संपवले होते.

दादाने ऑक्टोबरमध्ये तिला हिकरीचा नवा दांडा बसवला आणि पाचर मारली. धार लावताना कानस फार चालवू नकोस, असे मी त्याला फोनवर सांगितले.